मोजलेलें मत आणि ऐकलेलें मत

कोणताहि व्यवहार करण्यापूर्वीं चार शहाण्यासुरत्या माणसांस विचारावें, ही आपल्या घरांतील जुनी रीत. वैद्य असो, सोनार असो, कीं भाड्याचें घर असो, शेजारींपाजारीं चौकशी केल्यावांचून आपले वडील पुढें पाऊल टाकीत नसत. आज ती चौकशी आपण इंटरनेटवर करतों. तिकीट काढून देणारी सेवा, पैसे पाठविण्याचें साधन, मुलांच्या अभ्यासाचें ॲप, अशा प्रत्येक गोष्टीखालीं शेंकडों अपरिचितांचीं मतें लिहिलेलीं असतात. आणि काम संपतें न संपतें तोंच आपल्यासहि विचारण्यांत येतें कीं, सेवा कशी वाटली, पांचांपैकीं किती तारे द्याल? इतक्या आग्रहानें आपलें मत पूर्वीं कोणत्याहि व्यापाऱ्यानें विचारलें नव्हतें. परंतु विचारलेलें मत ऐकलें जातें काय, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचें उत्तर गेल्या तीस वर्षांच्या इतिहासांतच शोधलें पाहिजे.

या इतिहासाचा आरंभ मोठ्या सद्भावनेनें झाला. पिएर ओमिद्यार यानें १९९५ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत इंटरनेटवर लिलावाचें एक स्थळ काढलें. तेंच पुढें ई-बे या नांवानें प्रसिद्धीस आलें. विकणारा एका गांवीं, घेणारा हजार मैलांवर. दोघांची तोंडओळखहि नाहीं. साहजिकच तक्रारी होऊं लागल्या. तेव्हां १९९६ च्या फेब्रुवारींत ओमिद्यार यानें निवाड्याचें काम व्यवहार करणाऱ्यांवरच सोंपविलें. ज्याचा व्यवहार चोख त्याची उघड स्तुति करा, ज्याचा खोटा त्याची तक्रारहि उघडच करा, असें त्याचें सांगणें होतें. बहुतेक माणसें प्रामाणिक असतात, यावर त्याची श्रद्धा होती. प्रत्येक अनुकूल मताचा एक गुण मिळे, प्रतिकूल मताचा एक वजा होई. आणि ती बेरीज मनुष्याच्या नांवापुढें सर्वांस दिसे. पेठेंत पिढ्यान् पिढ्या जमणारी पत अशा रीतीनें थोड्या महिन्यांत आंकड्यांत मांडतां येऊं लागली.

तथापि पुढें संशोधकांनीं या मतांची छाननी केली, तेव्हां घेणाऱ्यांनीं विकणाऱ्यांविषयीं नोंदविलेल्या मतांपैकीं शेंकडा ९९ हून अधिक अनुकूल आढळलीं! माणसें प्रामाणिक असतात हें खरें, पण इतकीं? यांतील मर्म असें होतें कीं, घेणाऱ्यानें वाईट मत दिल्यास विकणाराहि उलट त्याच्या नांवावर वाईट मत नोंदवूं शके. मग या भीतीनें लोक गोड तरी बोलत किंवा मौन तरी धरीत. अखेर २००८ सालीं विकणाऱ्यांचा प्रतिकूल मत देण्याचा अधिकार कंपनीस काढून घ्यावा लागला. यू-ट्यूबचा अनुभवहि असाच. तेथें तारे देणारे बहुतेक लोक पांचच तारे देत, हें कंपनीनेंच २००९ मध्यें कबूल केलें. पुढील वर्षीं तारे जाऊन अंगठ्याची खूण आली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरांत नापसंतीचा आंकडा लोकांच्या दृष्टीआड करण्यांत आला. सारांश, मत लोकांचें असलें तरी तें मोजण्याचें माप दुकानदाराच्याच हातीं असतें.

परंतु आमच्या मतें या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद प्रकरण फेसबुकनें घेतलेल्या मतदानाचें होय. २००९ च्या फेब्रुवारींत फेसबुकनें आपल्या कराराच्या अटी बदलल्या. सभासदानें खातें बंद केलें तरी त्यानें दिलेल्या मजकुरावर कंपनीचा हक्क राहील, असा त्यांचा अर्थ लोकांनीं घेतला व एकच गहजब उडाला. कांहीं दिवसांतच कंपनीनें माघार घेतली, आणि तिचे चालक मार्क झुकरबर्ग यांनीं त्याच महिन्यांत एक अपूर्व घोषणा केली: यापुढें महत्त्वाचे नियम सभासदांपुढें मांडले जातील व त्यांवर मतदान होईल. एखाद्या व्यापारी संस्थेनें आपल्या गिऱ्हाइकांस असा नागरिकाचा मान द्यावा, हें पाहून अनेकांस आनंद झाला.

त्या मानास एक अट मात्र जोडलेली होती. चालू सभासदांपैकीं शेंकडा ३० हून अधिकांनीं मत दिलें, तरच निकाल कंपनीवर बंधनकारक! त्या वेळीं सभासद सुमारें २० कोटि होते. म्हणजे ६ कोटि मतें पाहिजे होतीं. एप्रिलांत मतदान झालें; मतें पडलीं सुमारें ६ लाख ६५ हजार. बहुमत नव्या अटींच्या बाजूचेंच असल्यामुळें अटीची बोंच तेव्हां कोणास जाणवली नाहीं. ती जाणवली २०१२ च्या डिसेंबरांत. तोंपर्यंत सभासदांची संख्या १०० कोटींवर गेली होती, आणि कंपनीनें मतदानाची पद्धतच बंद करण्याचा प्रस्ताव मतदानास टाकला होता. ६,६८,८७२ लोकांनीं मत दिलें, आणि त्यांपैकीं ५,८९,१४१ जण, म्हणजे शेंकडा ८८, प्रस्तावाच्या विरुद्ध होते. पण हवीं होतीं ३० कोटि मतें. विरोध मोजला गेला, जाहीरहि झाला, आणि प्रस्ताव अमलांत आला. लोकांनीं आपला मताधिकार राखण्यासाठीं मत दिलें, आणि त्याच मतदानानें तो गेला!

येथें कोणी म्हणेल कीं, शंभर कोटींतून साडेसहा लाखच आले, तेव्हां बाकीच्यांची उदासीनता हेंच खरें कारण नव्हे काय? या आक्षेपांत तथ्य आहे, आणि तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जी अट पुरी होणें जवळजवळ अशक्य, ती घालून विचारलेला प्रश्न हा प्रश्न म्हणावा कीं उपचार? लग्नांत रुसणाऱ्यास 'तुमची संमति आहे ना?' असें विचारतात, तेव्हां मुहूर्त आधींच ठरलेला असतो.

याच प्रकरणाची दुसरी बाजू अधिक विचारार्ह आहे. २०१२ सालीं मतदान व्हावें म्हणून सभासदांस जागें करणाऱ्यांत माक्स श्रेम्स नांवाचा ऑस्ट्रियांतील कायद्याचा एक विद्यार्थी होता. मतदानानें कांहीं साधलें नाहीं. पण तो तेवढ्यावर थांबला नाहीं. युरोपांतील सभासदांची खासगी माहिती अमेरिकेंत नेण्याविरुद्ध त्यानें २०१३ मध्यें आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रार केली. ती नाकारली गेली. मग प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयानें ज्या व्यवस्थेच्या आधारें ती माहिती समुद्रापार जात होती, ती व्यवस्थाच रद्द ठरविली. दोन्ही प्रश्न एकच नव्हते, हें खरें. परंतु साडेपांच लाखांहून अधिक लोकांच्या खुणेचें कोणास उत्तर देणें नव्हतें. एका माणसाच्या सकारण तक्रारीचें उत्तर देणें कायद्यानें भाग होतें. मोजलेलें मत आणि ऐकलेलें मत यांतील अंतर तें हेंच.

आपल्या देशांतहि हा धडा त्याच काळांत गिरवला गेला. इंटरनेटवरील सर्व सेवांस दूरसंचार कंपन्यांनीं सारखेंच वागवावें कीं नाहीं, याविषयीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, २०१५ च्या मार्चमध्यें एक विचारपत्र काढून २० प्रश्न विचारले. लांबलचक विचारपत्र कोण वाचणार? पण कांहीं स्वयंसेवकांनीं त्या प्रश्नांचीं उत्तरें सुबोध रीतीनें तयार केलीं, आणि दहा लाखांहून अधिक पत्रें ट्रायकडे गेलीं. वर्षअखेरीस दुसरें विचारपत्र निघालें. त्या वेळीं ठराविक स्थळें फुकट दाखविण्याच्या आपल्या 'फ्री बेसिक्स' या योजनेस पाठिंबा देणारा तयार मजकूर फेसबुकनें सभासदांपुढें ठेवला, आणि लाखों लोकांनीं तो पाठविला. ट्रायनें मात्र स्पष्ट सांगितलें कीं, हें विचारलेल्या प्रश्नांचें उत्तर नव्हे. सल्लामसलतीस संघटित मतमोजणीचें रूप देणें योग्य नव्हे. ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं ट्रायनें मजकूर पाहून निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली. तयार मजकूर दोन्ही पक्षांनीं पुरविला होता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु एकांत प्रश्नाचें उत्तर होतें, दुसऱ्यांत केवळ होकार होता; आणि ऐकणारा त्रयस्थ असल्यामुळें त्यास हा भेद पाहतां आला.

खोट्या स्तुतीचा बाजार तर अद्यापि चालूच आहे. त्यास आळा बसावा म्हणून २०२२ च्या नोव्हेंबरांत भारतीय मानक ब्यूरोनें ग्राहकांच्या मतांविषयीं आयएस १९००० हें मानक प्रसिद्ध केलें. आरंभीं तें ऐच्छिक ठेवण्यांत आलें. पण मत देणारा खरोखर कोण आहे, हें पडताळून पाहण्याचें कर्तव्य मत छापणाऱ्याचें आहे, एवढें तरी त्यानें मान्य केलें.

मग आपण मत देऊंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या दोन ओळी वाचून एखाद्या अनोळखी गृहस्थाचे पैसे व मनस्ताप वांचतो. हा परोपकार लहान नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ताऱ्यावर बोट ठेवून आपलें कर्तव्य संपलें असें मानूं नये. काय घडलें, केव्हां घडलें, काय मागितलें व काय मिळालें, हें चार वाक्यांत लिहावें. आणि अन्याय मोठा असेल तर ज्यास उत्तर देणें भाग आहे अशा ठिकाणीं तें पाठवावें. दुकानदाराच्या वहींत आपली खूण उमटते ती त्याच्या हिशेबासाठीं. आपला शब्द जेथें उत्तर मागूं शकतो, तेथेंच आपण गिऱ्हाईक न राहतां नागरिक होतों.