वाऱ्याचा डोळा आणि दुहेरी कांच

इंग्रजी भाषेंतील 'विंडो' हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेंतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. संस्कृतांतून मराठींत आलेला 'वातायन' हा शब्द वाऱ्याची वाट दाखवितो, आणि 'गवाक्ष' या शब्दांत तर प्रत्यक्ष डोळाच बसला आहे. परस्परांपासून इतक्या दूर राहणाऱ्या लोकांनीं भिंतींतल्या भोंकाकडे अशा सारख्या दृष्टीनें पाहावें, यांत नवल नाहीं. उजेड आणि वारा या गरजा मनुष्यमात्राच्या आहेत. फरक एवढाच कीं, उष्ण देशांत वारा हा पाहुणा असतो, तर ब्रिटनसारख्या थंड देशांत तो बहुधा चोर ठरतो. उजेडाला आंत घ्यावें आणि वाऱ्याला बाहेर थोपवावें, हा तेथील गृहस्थापुढचा जुना प्रश्न आहे. कांच हें त्याचें पहिलें उत्तर. दोन कांचांमध्यें हवा कोंडून केलेलें दुहेरी तावदान हें दुसरें.

या दुसऱ्या उत्तरासाठीं ब्रिटनमधील अनेक जुन्या घरांच्या दीड-दोनशें वर्षांच्या लांकडी खिडक्या काढून टाकण्यांत आल्या आहेत. हें शहाणपणाचें कीं उतावळेपणाचें, हें ठरविण्यापूर्वीं त्या खिडक्यांचा इतिहास पाहणें इष्ट आहे. कारण खिडकी कशी असावी, हें त्या देशांत केवळ सुताराच्या किंवा घरमालकाच्या इच्छेनें कधींच ठरलें नाहीं. ज्या ज्या गोष्टीवर काळानें किंमत बसविली, तिचा ठसा खिडकीवर उमटत गेला.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत वरखालीं सरकणारी खिडकी प्रचारांत आली. चौकटीच्या पोकळ बाजूंत दोरीला वजनें टांगलेलीं, वर कप्पी, आणि त्या तोलामुळें बोटाच्या ओढीनें सरकणारीं दोन तावदानी दारें, अशी तिची रचना. आंतल्या बाजूस रात्रीं लावून घ्यावयाच्या लांकडी झडपा असत. कांच तेव्हां फुंकून करीत. कारागीर वितळलेल्या कांचेचा फुगा करी, तो लोखंडी कांबीवर घेऊन भट्टीसमोर गरगर फिरवी, आणि फिरतां फिरतां त्याची चपटी चकती होई. मधला जाड डोळा वगळून तिच्यांतून जे तुकडे निघत, ते लहानच असत. जुन्या खिडक्यांत बारीक पट्ट्यांनीं विभागलेलीं सहा-सहा, आठ-आठ तावदानें दिसतात, तीं प्रथम शोभेकरितां नव्हेत, तर कांचेच्या या मर्यादेमुळें.

इतक्यांत सरकारचें लक्ष खिडकीकडे गेलें. १६९६ सालीं राजा तिसरा विल्यम याच्या कारकीर्दींत खिडक्यांवर कर बसला. प्रत्येक घरास दोन शिलिंग. दहा ते एकोणीस खिडक्या असल्यास आणखी चार, आणि वीस किंवा अधिक असल्यास आणखी आठ. घराच्या आंत न जातां श्रीमंती मोजण्याची ही सोय होती. पण मोजणारा हुशार, तर मोजला जाणारा त्याहून हुशार! १७४७ मध्यें नियम बदलून दहाव्या खिडकीपासून दर खिडकीस कर लागूं लागला, तेव्हां बरोबर नऊ खिडक्यांचीं घरें फार दिसूं लागलीं. कित्येकांनीं असलेल्या खिडक्या विटांनीं बुजविल्या. जुन्या घरांवर आज दिसणारी प्रत्येक बंद खिडकी मात्र कराचीच साक्ष नव्हे; दर्शनी भिंतीचा तोल साधण्याकरितां अनेक खिडक्या मुळांतच आंधळ्या बांधलेल्या आहेत.

या कराचा खरा जाच श्रीमंतांना झाला नाहीं. अनेक गरीब कुटुंबें राहत असलेली मोठी इमारत कराच्या हिशेबीं एकच घर ठरे, आणि तिचा मालक कर वांचविण्यासाठीं खिडक्या बुजवी. पैसा मालकाचा वांचे, अंधार भाडेकऱ्याच्या वांट्यास येई. त्यांतच १७४६ पासून कांचेवर वजनाप्रमाणें वेगळी जकात बसली. त्यामुळें जाड कांचेपेक्षां पातळ कांच परवडूं लागली. डॉक्टरांनीं आणि सुधारकांनीं दीर्घकाळ ओरड केल्यावर कांचेवरील जकात १८४५ मध्यें व खिडक्यांवरील कर १८५१ मध्यें रद्द झाला. त्याच १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें सुमारें ३ लक्ष तावदानांचा 'क्रिस्टल पॅलेस' उभा राहिला. कांच स्वस्त झाली, तावदानें मोठीं झालीं, आणि मधल्या पट्ट्या गळून पडल्या.

उजेड असा मोकळा झाला. आतां उबेचा हिशेब सुरू झाला. कांचेतून उष्णता सहज निसटते. स्थिर हवेंतून मात्र ती फार मंद गतीनें जाते. म्हणून दोन कांचांमध्यें थोडी हवा कोंडली, तर ती हवाच पांघरुणाचें काम करते. जर्मनी, रशिया अशा देशांत हिवाळ्यापुरती दुसरी खिडकी बसविण्याची वहिवाट होती. दोन कांचा कडेनें कायमच्या सांधून एकच तावदान करण्याचें पेटंट न्यूयॉर्कच्या थॉमस स्टेटसन यानें १८६५ सालीं घेतलें. परंतु ब्रिटनमध्यें या कल्पनेचा घरोघर प्रसार होण्यास आणखी एक शतक लोटावें लागलें. १९७३ मध्यें तेल महागलें आणि उबेला एकाएकीं किंमत आली. पुढें प्लास्टिकच्या चौकटींतील दुहेरी तावदानें दारोदार विकलीं जाऊं लागलीं. २००२ पासून इंग्लंड व वेल्समध्यें खिडकी बदलावयाची झाल्यास ती उष्णता राखणारी असावी, असा इमारतींच्या नियमांतच दंडक आला.

या बदलाला तुच्छ लेखणें अन्यायाचें होईल. साध्या दुहेरी कांचेतून एकेरीच्या साधारण निम्मीच उष्णता जाते; धातूचा अदृश्य लेप दिलेली आणि मध्यें आर्गॉन वायु भरलेली कांच याहूनहि सरस असते. थंड, ओलसर खोलींत हिवाळा काढणाऱ्या वृद्धाला खिडकीच्या ऐतिहासिक सौंदर्याचें व्याख्यान ऐकवणें ही क्रूर थट्टा होय.

तथापि हिशेबाला दुसरी बाजू आहे. जुन्या खिडक्यांचें लांकूड बहुधा सावकाश वाढलेल्या पाइनचें, घट्ट रेषांचें असे. त्या खिडकीची दोरी तुटली तर दोरी बदलतां येते, खालची पट्टी कुजली तर तेवढीच नवी बसवितां येते, तावदान फुटलें तर लांबी लावून दुसरें घालतां येतें. बंद केलेल्या दुहेरी तावदानाची कड मात्र बहुधा वीस-पंचवीस वर्षांत सैल होते, आंत बाष्प धरतें, आणि मग दुरुस्ती नव्हे, सबंध तावदान बदलणें हाच उपाय उरतो. जी खिडकी दोनशें वर्षें नांदली, तिच्या जागीं दर पिढीला नवी खिडकी, हा सौदा दिसतो तितका स्वस्त नाहीं.

एडिंबरो शहराचा, १७६७ मध्यें जेम्स क्रेग यानें आंखलेला नवा भाग या वादाचें उत्तम क्षेत्र आहे. १९४७ च्या कायद्यापासून ब्रिटनमध्यें महत्त्वाच्या जुन्या वास्तूंची अधिकृत यादी ठेवूं लागले; अशा यादींतील घराची खिडकी मालकाला परवानगीवांचून बदलतां येत नाहीं. म्हणून मग जुन्या खिडकीची परीक्षाच घ्यावी, असें तेथील वास्तुरक्षकांनीं ठरविलें. ग्लासगो कॅलिडोनियन विद्यापीठानें २००८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, आंतील लांकडी झडपा नुसत्या लावून घेतल्या तरी तावदानांतून जाणारी उष्णता सुमारें निम्म्यानें घटते. आणि जुनी खिडकी तशीच ठेवून तिच्या आंत कांचेचें दुसरें दार बसविलें, तर ती घट तीन-पंचमांशाहून अधिक होते. फटींना पट्ट्या लावल्या कीं वाऱ्याचा शिरकावहि पुष्कळ थांबतो. अठराव्या शतकांतल्या सुतारानें झडपा करून दिल्या होत्या, त्या अडगळ नव्हत्या, हें या प्रयोगानें सिद्ध केलें.

खिडकीच्या इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. सरकारनें खिडक्या मोजल्या, तेव्हां अंधार मोजावयाचा राहिला. कांचेचें वजन केलें, तेव्हां आरोग्याचें वजन झालें नाहीं. आज उष्णता मोजली जात आहे, आणि तें योग्यच आहे. पण तिच्याबरोबर वस्तूचें आयुष्य, दुरुस्तीची सोय आणि कारागिराची बुद्धि हींहि त्याच तराजूंत पडलीं पाहिजेत. जेथें जुनी चौकट खरोखर मोडकळीस आली असेल, तेथें नवी खिडकी अवश्य यावी. परंतु जेथें ती धड आहे, तेथें तिला उखडण्याऐवजीं तिच्या पाठीशीं दुसरी कांच उभी करणें, हाच ऊब आणि वारसा दोन्ही राखणारा मार्ग होय.