बीपी-शुगरच्या गोळ्यांचा खर्च झेपत नाही? मदत कुठे मिळते, जाणून घ्या

महिनाअखेर आली की काही घरांत बीपीची गोळी एक दिवसाआड घेतली जाते. लगेच त्रास होत नाही, त्यामुळे चाललंय असं वाटतं. पण रक्तदाब वाढलेला राहिला, तर पक्षाघात आणि किडनीच्या आजाराचा धोका वाढतो. म्हणून गोळी चुकवण्याआधी महाराष्ट्रात कोणते पर्याय आहेत, ते पाहा.

आयुष्मान कार्ड चालतं का?
आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं मिळतात. कायम चालणाऱ्या गोळ्यांचा खर्च त्यातून निघत नाही.

मोफत औषधं कुठे मिळतात?
१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं यात येतात. बीपी-शुगरसाठी तिथे ‘एनसीडी’ विभागाची चौकशी करा. जुने रिपोर्ट आणि चिठ्ठी सोबत ठेवा. कधी एखादी गोळी शिल्लक नसते, म्हणून घरातली संपायच्या आठवडाभर आधीच जा. टीबी आणि एचआयव्हीची औषधंही सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

विकतच घ्यायची असतील तर?
जनऔषधी केंद्रात जेनेरिक औषधं मिळतात. ब्रँडेड औषधांच्या तुलनेत ती साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात, असं सरकार सांगतं. जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर दिसते. कॅन्सर आणि हृदयविकाराच्या महागड्या औषधांसाठी काही मोठ्या रुग्णालयांतील ‘अमृत’ दुकानांत सवलत मिळते.

डॉक्टरांना काय सांगायचं?
“खर्च झेपत नाही, जेनेरिक नाव लिहून द्या,” असं स्पष्ट सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव असेल, तर स्वस्त पर्याय शोधणं सोपं जातं. घेताना औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतात का, ते तपासा. एखादी गोळी कमी करता येईल का, हेही विचारा. मात्र तो निर्णय डॉक्टरांचाच असू द्या.