रक्ताला न शिवता दाब मोजण्याची गोष्ट



दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणं आता गावच्या उपकेंद्रातही होतं. पण सुरुवातीला दाब मोजायचा तर शीर उघडावी लागे. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढलं! १७३३ साली त्यांनी हे प्रयोग छापले. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याखालचे ठोके नळीनं ऐकले. रक्ताला न शिवता दाब कळू लागला.

पुढे रक्तच शरीराबाहेर फिरू लागलं. १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळीतून रुग्णाचं रक्त फिरवून शुद्ध केलं. पहिले जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली, आणि डायलिसिसवर विश्वास बसला.

डायलिसिसच्या नळीत पंपाआधी ओढ असते, पंपानंतर दाब. आपल्या विहिरीवरच्या मोटारीसारखंच. पुढे पाइप दुमडला की दाब चढतो. रक्ताचंही तसंच, म्हणून यंत्र दाबावर सतत नजर ठेवतं.

त्यासाठी मुख्य नळीला बारीक फाटा काढतात. फाट्यातल्या हवेतून दाब यंत्राला कळतो. मध्ये एक छोटी गाळणी असते. रक्त चढून ती भिजली तर आकडा चुकतो. रक्त यंत्रात शिरलं, तर एकाची कावीळ दुसऱ्याला लागायची भीती. म्हणून फाटा न काढता, नळीची भिंत किती फुगते हे बाहेरून मोजायची वाट शोधली गेली. म्हणजे दंडाच्या पट्ट्यासारखंच, रक्ताला न शिवता! एक अडचण: दाबून धरलेलं प्लास्टिक तासातासानं सैल पडतं, त्याचा हिशेब यंत्राला ठेवावा लागतो.

आणि एक गोष्ट गाठीला बांधा. सुई निसटली तरी दाब पुरेसा उतरेलच असं नाही, म्हणून घंटा वाजेलच असंही नाही. डायलिसिस चालू असताना सुईचा हात पदराखाली किंवा चादरीखाली झाकू नका. सोबत बसलेल्या बाईनं तो अधूनमधून बघावा. ओल दिसली, तर लगेच सिस्टरना हाक मारावी.