बोलणारे, आब्लारे : एका भविष्यकाळाची गोष्ट

आजच्या भागात लढाई नाही, तह नाही, राजवाड्यातलं कटकारस्थान नाही. एक सम्राट येऊन जाईल, पण तोही व्याकरणापुरताच. आज आपण एका क्रियापदाचा इतिहास बघणार आहोत. स्पॅनिश भाषेतलं अगदी साधं, नियमित क्रियापद : 'आब्लार', म्हणजे बोलणं.

आधीच सांगते, मी भाषाशास्त्रज्ञ नाही. बीटेक केलंय, कोड लिहिते. ऑफिसमध्ये मेक्सिकोतल्या टीमबरोबर रोज कॉल असतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी स्पॅनिश शिकायला घेतलं. त्याच सुमारास घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, "मी शनिवारी येणारे." आमचे काका निवृत्त शिक्षक. त्यांचं लगेच उत्तर आलं : "'येणार आहे' असं लिही. तुम्ही पोरांनी मराठीची पार वाट लावली." मी काही बोलले नाही. पण त्यानंतर कितीतरी महिने मी त्या ग्रुपवर इंग्रजीतच लिहीत राहिले. चूक निघण्यापेक्षा ते बरं वाटायचं. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचंय.

तर, स्पॅनिश. या भाषेत क्रियापदांची तीन घराणी आहेत : शेवटी 'आर', 'एर' किंवा 'इर' असलेली. नियमित क्रियापद म्हणजे शेपूट कापायचं आणि पुरुष, वचन, काळ बघून नवं शेपूट चिकटवायचं. 'आब्लार'मधलं 'आर' काढलं की 'आब्लो' (मी बोलतो), 'आब्लास' (तू बोलतोस), 'आब्ला' (तो बोलतो). साधा वर्तमान, दोन भूतकाळ, भविष्य, संकेतार्थ, शिवाय इच्छा-शंका-शक्यतेसाठी 'सुबखुंतिवो' नावाचा वेगळा अर्थ आणि त्याचे स्वतःचे काळ. आज्ञार्थ आणि संयुक्त काळ बाजूला ठेवले तरी रूपांचे नऊ संच होतात. प्रत्येकात सहा रूपं. म्हणजे 54.

54 रूपं पाठ करायचा कंटाळा आला, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. क्रियापद द्या, तक्ता घ्या. प्रत्येक काळासाठी एक अट घालावी लागत होती : 'आर' घराणं असेल तर ही शेपटं, नाहीतर ती. वर्तमानात अट, भूतकाळात अट, सुबखुंतिवोत अट. पण भविष्यकाळ आणि संकेतार्थ या दोन ठिकाणी अटच लागली नाही. तिन्ही घराण्यांना शेपटं एकच! आणि मूळ क्रियापदाचं शेपूटही कापावं लागलं नाही. अख्ख्या 'आब्लार'ला थेट जोडलं की झालं. 'कोमेर' म्हणजे खाणं, त्यालाही तेच.

कोडमध्ये असं काही दिसलं की समजायचं, हा भाग दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या काळात लिहिलेला आहे. इथेही तसंच निघालं.

स्पॅनिश ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये भविष्यकाळ होता, चांगला एका शब्दाचा. 'अमाबित' म्हणजे 'तो प्रेम करेल'. आणि 'अमावित' म्हणजे 'त्याने प्रेम केलं'. फरक फक्त ब आणि व चा. पुढे लोकांच्या बोलण्यात दोन स्वरांमधला ब मऊ होत गेला आणि ब-व एकसारखेच ऐकू यायला लागले. आता 'करेल' आणि 'केलं' यांत फरकच कळत नसेल तर व्यवहार कसा चालायचा? उसने पैसे 'देईन' म्हणाला की 'दिले' म्हणाला?

मग लोकांनी पर्याय शोधला. 'हाबेरे' म्हणजे 'जवळ असणं' हे रोजच्या वापरातलं क्रियापद त्यांनी मूळ क्रियापदाच्या मागे लावलं. 'गायचं आहे माझ्याकडे', म्हणजे मला गायचंय, म्हणजे मी गाईन. आधी दोन शब्द, मग भरभर बोलताना दुसरा झिजत गेला आणि पहिल्याला चिकटला.

आता इथे आपले सम्राट येतात. सातव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागात लिहिलेला एक इतिहासग्रंथ आहे, 'फ्रेडेगारचा वृत्तांत' म्हणून ओळखला जातो. त्यात एक किस्सा येतो. पकडलेल्या इराणी राजाकडे सम्राट जस्टिनियन प्रांत परत मागतो. राजा म्हणतो, "देणार नाही." त्यावर जस्टिनियन म्हणतो, "दारास", म्हणजे 'देशील!' आणि म्हणून त्या जागी वसलेल्या शहराचं नाव दारास पडलं. इतिहास म्हणून ही शुद्ध थाप आहे. दारा हे शहर आजच्या तुर्कस्तानात मार्दिनजवळ, आणि ते सहाव्या शतकाच्या सुरुवातीला अनास्तासियस या सम्राटाने वसवलं, जस्टिनियन गादीवर आला 527 साली. पण भाषेच्या अभ्यासकांना या थापेत सोनं सापडलं. राजाचा नकार जुन्या लॅटिन भविष्यकाळात आहे आणि सम्राटाचं उत्तर नव्या, चिकटलेल्या भविष्यकाळात : 'दारे' अधिक 'हाबेस', म्हणजे 'दारास'. या रूपाचा हा सर्वात जुना लिखित पुरावा मानला जातो. ग्रंथकाराने तो मुद्दाम जपून ठेवलेला नाही. शब्दावर कोटी करायची होती, त्या नादात त्याच्या आसपासची बोली कागदावर उतरली.

आता स्पॅनिशमध्ये या 'हाबेरे'चं 'आबेर' झालं. त्याचा वर्तमानकाळ आणि 'आब्लार'चा भविष्यकाळ शेजारी ठेवून वाचा :

आब्लार + ए = आब्लारे (मी बोलेन)
आब्लार + आस = आब्लारास (तू बोलशील)
आब्लार + आ = आब्लारा (तो बोलेल)
आब्लार + एमोस = आब्लारेमोस (आम्ही बोलू)
आब्लार + (आब)एइस = आब्लारेइस (तुम्ही बोलाल)
आब्लार + आन = आब्लारान (ते बोलतील)

एका ठिकाणी 'आब' गळला, बाकी जसंच्या तसं. तिन्ही घराण्यांना शेपटं एकच का, याचं उत्तर हेच. ती शेपटं नाहीतच. तो एक अख्खा दुसरा शब्द आहे.

हा जोड बराच काळ सैल होता. 1200 च्या आसपासच्या 'मिओ सिद' या स्पॅनिश वीरकाव्यात दोन तुकड्यांच्या मध्ये 'त्याला', 'तुला' असे शब्द घुसलेले सापडतात. स्पॅनिशमधून ही लकब सतराव्या शतकापर्यंत गेली, पण शेजारच्या पोर्तुगीजमध्ये औपचारिक लिखाणात ती आजही जिवंत आहे : 'फालार-ते-एय', 'बोल-तुझ्याशी-ईन' असं काहीसं. गोव्यात 1961 पर्यंत सरकारी कारभार ज्या भाषेत चालायचा ती ही भाषा.

1492 साली अंतोनियो दे नेब्रिखा या विद्वानाने सालामान्कात कास्तिलियन भाषेचं, म्हणजे आपण आज जिला स्पॅनिश म्हणतो तिचं व्याकरण छापलं आणि ते राणी इसाबेलला अर्पण केलं. तोवर व्याकरण म्हणजे लॅटिनचं, बोलीला कसलं आलंय व्याकरण, असा समज होता. नेब्रिखाने लॅटिनचा तक्ता समोर घेतला आणि एकेक खण भरायला बसला. भविष्यकाळाच्या खणाशी आल्यावर त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं की आपल्या भाषेत हा काळ वळसा घालून होतो, मूळ क्रियापद आणि 'आबेर' मिळून. म्हणजे जोड त्याला दिसत होता. पण तक्त्यात एकदा बसल्यावर पुढच्या पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना तो दिसेनासा झाला. त्यांना फक्त शेपटं दिसली, माझ्यासारखी.

लॅटिनचा तो तक्ता पुढे जहाजात बसून जगभर गेला. मेक्सिकोत आंद्रेस दे ओल्मोस या पाद्र्याने 1547 साली नाहुआत्ल भाषेचं व्याकरण लिहून पुरं केलं. दोमिंगो दे सान्तो तोमास याचं पेरूतल्या केचुआ भाषेचं व्याकरण 1560 साली स्पेनमध्ये छापलं गेलं. आपल्याकडेही हाच प्रवाह पोर्तुगीज जहाजांतून आला. 'ख्रिस्तपुराण' मराठीत लिहिणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सचं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 साली, गोव्यात रायतूरला छापलं गेलं.

भविष्यकाळाचा जुळा भाऊ म्हणजे संकेतार्थ : 'आब्लारिआ', म्हणजे 'बोलला असता' किंवा 'बोलेन म्हणाला होता' यांतला. याचा खण कुठला, यावर वैयाकरणांचे बरेच वाद झाले. हा स्वतंत्र अर्थ की नुसता काळ? व्हेनेझुएलात जन्मलेल्या आंद्रेस बेयोने 1847 साली चिलीत छापलेल्या व्याकरणात त्याला काळांमध्येच बसवलं : भूतकाळात उभं राहून पाहिलेलं भविष्य. जोड उसवला तर बेयोचं म्हणणं पटतं. 'आब्लार' अधिक 'आबिआ', म्हणजे 'आबेर'चा भूतकाळ. मराठीत हे समजायला पाच सेकंद लागतात. 'बोलणार आहे' आणि 'बोलणार होता'. बस, तेवढाच फरक.

आता तुमच्या लक्षात आलं असेल मी कुठे चाललेय. 'बोलणार आहे' हे आपण तोंडाने कसं म्हणतो? 'बोलणारे'. 'येणार आहेस'चं 'येणारेस', 'येणार आहेत'चं 'येणारेत'. आब्लार अधिक ए, आब्लारे. बोलणार अधिक आहे, बोलणारे. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात हा योगायोग, पण घडण्याची रीत तीच. 'करतोय', 'झालंय', 'लिहिलंय' ही त्याच रांगेतली.

काकांच्या बाजूचे लोक लॅटिनमध्येही होते. एका अनामिक शिक्षकाची यादी आपल्यापर्यंत पोचली आहे, 'प्रोबसचं परिशिष्ट' या नावाने. 227 नोंदी, सगळ्या एकाच साच्यातल्या : असं म्हणा, तसं म्हणू नका. डोळ्याला 'ओकुलुस' म्हणा, 'ओक्लुस' नको. कानाला 'आउरिस' म्हणा, 'ओरिक्ला' नको. आज स्पॅनिशमध्ये डोळ्याला 'ओखो' म्हणतात आणि कानाला 'ओरेखा'. दोन्ही शब्द त्या 'नको'च्या बाजूचे वंशज आहेत. गंमत म्हणजे लोक खरंच काय बोलत होते, हे आज आपल्याला कळतं ते त्या शिक्षकाने चिडून लिहून ठेवलं म्हणून!

उलटंही घडतं. तक्त्यात जागा असून रूप मरतं. सुबखुंतिवोचा भविष्यकाळ, 'आब्लारे'च पण जोर मधल्या 'ब्ला'वर, आज कुणी बोलत नाही. तो उरलाय कायद्याच्या भाषेत आणि म्हणींमध्ये. 'आ दोन्दे फ्वेरेस, आस लो के व्येरेस', जिथे जाशील तिथलं बघून तसं कर. म्हणजे आपलं 'देश तसा वेश'.

आणि तो जोडून झालेला भविष्यकाळ? माझ्या मेक्सिकोतल्या सहकारी कॉलवर 'आब्लारे' फारसं म्हणतच नाहीत. त्या म्हणतात 'बोय आ आब्लार', 'मी बोलायला जातेय'. पुन्हा सुटे शब्द! 'आब्लारे'च्या घराण्याकडे आता बरंचसं अंदाजाचं काम उरलंय. 'के ओरा सेरा?' म्हणजे 'किती वाजले असतील?' आपणही इथे 'असतील' हे भविष्यकाळाचंच रूप वापरतो की.

याचा अर्थ काहीही लिहिलं तरी चालतं, असं मी म्हणत नाही. अर्ज लिहिताना मीही 'येणार आहे' असंच लिहीन. सगळ्यांना वाचता येईल असा एक ठरलेला मार्ग लागतोच, आणि बोलण्यातली प्रत्येक चूक पुढे नियम होते असंही नाही. पण 'येणारे' म्हटल्याने भाषेची वाट लागत नाही. वापरातली भाषा चालताना अशीच झिजते, आणि झिजलेल्या तुकड्यांतून नवे प्रत्यय होतात. माझ्या बाबतीत मराठीचं खरं नुकसान 'येणारे' लिहिल्याने झालं नव्हतं. मी गप्प बसून इंग्रजीकडे वळले, ते महिने नुकसानीचे होते. लोकांनी बोलायचं थांबवलं, तर पुढे तक्ता करायला तरी काय उरेल?

काका, तुम्ही हे ऐकत असाल तर राग मानू नका. मुद्दा काढलात तुम्ही, म्हणून तर हा भाग झाला. या भागाची लिंक आज रात्री आपल्या ग्रुपवर टाकणार आहे.

टाकणारे.

तर मंडळी, तुमच्या घरी कुठल्या शब्दावरून अशी बोलणी बसतात ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर बोलत राहा!