प्रयोगशाळेतून पाइपात

इंजिनाचं ऑइल तपासायची गॅरेजमधली रीत सगळ्यांना ठाऊक असते. डिपस्टिक ओढायची, चिंधीने पुसायची, पुन्हा घालून काढायची आणि थेंब दोन बोटांत चोळायचा. कचकच लागली की ऑइल बदलायचं. अनुभवी मेकॅनिकची बोटं बरंच काही सांगतात, पण खरे घातकी कण त्यांना लागतच नाहीत. उघड्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनच्या आतलं दिसत नाही आणि हायड्रॉलिक पंप-व्हॉल्व्हची वाट लावतात ते ५ ते १५ मायक्रॉनचे कण. रंगावर तर मुळीच जाऊ नये. डिझेल इंजिनातलं ऑइल काजळीने लवकरच काळं पडतं, तरी ते उत्तम काम करत असतं.

आता मोठ्या प्रेसच्या किंवा गिअरबॉक्सच्या ऑइलच्या लाइनमध्ये एक छोटा ठोकळा बसवतात. कण मोजणारा, पाणी ओळखणारा, चिकटपणा सांगणारा असे सेन्सर त्यात आट्यांनी बसतात. जो नको, त्याच्या जागी बूच मारायचं. ऑइल वाहत राहतं आणि आकडे कंट्रोल रूमच्या पडद्यावर येत राहतात. या ठोकळ्याचा कोणी एक जनक नाही. त्याचं कूळ शोधायला रेल्वेत, रक्ततपासणीत आणि हवामानाच्या फुग्याखाली जावं लागतं.

रेल्वे अमेरिकेतली, डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न. वाफेची इंजिनं जाऊन डिझेलची येत होती. १९४६ मध्ये या रेल्वेच्या प्रयोगशाळेने वापरलेलं ऑइल विजेच्या ठिणगीत जाळून त्याचा प्रकाश तपासायला घेतला. प्रत्येक धातू आपापल्या रंगरेषा दाखवतो. तांबं वाढलं तर बेअरिंगकडे बघा, लोखंड वाढलं तर लायनरकडे, सिलिकॉन दिसलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत येतेय. इंजिन न उघडता आतलं दुखणं कळू लागलं. पंचावन्नच्या सुमारास अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी हीच पद्धत उचलली.

या पद्धतीत एक खोट होती. कण पाच-आठ मायक्रॉनहून मोठा असला, की ठिणगीत नीट जळत नाही आणि मोजणीतून निसटतो. मोठा कण म्हणजे तर मोठा बिघाड! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्नन वेस्टकॉट यांनी चुंबकावर तिरपी काच ठेवून तिच्यावरून ऑइल सोडलं. लोखंडाचे कण आकारमानाप्रमाणे ओळीने बसले. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ पापुद्रे दिसले तर नेहमीची झीज, लेथच्या कुरळ्या किसासारखे तुकडे दिसले तर काहीतरी कापतंय.

एकेक कण मोजायची युक्ती मात्र रक्ताच्या तपासणीने रुळवली. वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये पेटंट मिळालं: बारीक छिद्रातून रक्तपेशी सोडायच्या, प्रत्येक पेशी जाताना विजेला होणारा अडथळा मोजायचा. ऑइलमधून वीज वाहत नाही, म्हणून तिथे प्रकाश आला. कण प्रकाशाच्या झोतासमोरून गेला की सावली पडते. सावली जितकी मोठी, तितका कण मोठा. सीडी प्लेअरने लेसर डायोड स्वस्त केले, ते या कामीही आले.

मोजायचं ठरलं, पण माप कशाचं धरायचं? इथे ॲरिझोनाची धूळ येते. गाड्यांचे एअर क्लीनर तपासायला जनरल मोटर्सचा एसी विभाग तिथली धूळ चाळून विकत असे. कण मोजणारी यंत्रंही वर्षानुवर्षं तिच्यावरच जुळवली जात. १९९२ मध्ये ती धूळ बंद झाली. नवं प्रमाण ठरवताना अमेरिकेच्या मापन संस्थेने फेरमोजणी केली, तेव्हा जुनी मापंच सरकली: ज्याला ५ मायक्रॉन म्हणत होते ते ६ च्या पुढे निघालं आणि १५ चं १४ झालं. म्हणून १९९९ पासून आयएसओ ४४०६ च्या कोडमध्ये ४, ६ आणि १४ असे तीन आकडे धरतात. ऑइल १८/१६/१३ असलं, तर शेवटचा १३ सांगतो की एका मिलिलिटरमध्ये १४ मायक्रॉनपेक्षा मोठे ४० ते ८० कण आहेत. कोड एकाने चढला म्हणजे कण दुप्पट. सुपरवायझरला ‘एकच तर वाढलाय’ म्हणायची सोय नाही.

पाण्याचा सेन्सर फिनलंडचा. वायसाला कंपनीने १९७३ मध्ये हवामानाच्या फुग्याखालच्या उपकरणासाठी पातळ पॉलिमरचा आर्द्रतामापक आणला. पुढे तसेच सेन्सर ऑइलमध्ये बुडवले गेले. ऑइलमध्ये पाणी किती, यापेक्षा ऑइल पाण्याने किती भरत आलंय हे ते सांगतात, आणि उपयोगाचं तेच आहे. गरम ऑइल पाणी पोटात घेतं. रात्री मशीन गार झालं की तेच पाणी सुटं होऊन बेअरिंग गंजवतं.

हे सगळं पाइपात आणायची निकड प्रयोगशाळेत नमुना पाठवायच्या बाटलीने निर्माण केली. बाटली अस्वच्छ, नमुना चुकीच्या नळातून, रिपोर्ट यायला दिवस लागणार, तोवर बेअरिंग गेलेलं. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्कीत नमुना घ्यायला आधी मनोरा चढावा लागतो.

ठोकळा बसवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. हवेचा बुडबुडाही सावली पाडतो आणि कण म्हणून मोजला जातो. दाब असलेल्या लाइनवर तो विरघळतो, म्हणून सेन्सर टाकीकडे परतणाऱ्या लाइनवर न बसवता तिथेच बसवावा. शिवाय कण किती, हे ठोकळा सांगतो. कण तांब्याचा की लोखंडाचा, हे ठरवायला बहुतेक कारखान्यांतून बाटली आजही प्रयोगशाळेतच जाते.