सुटका झाली, जमीन मिळाली नाही

फेब्रुवारी १८५६मध्ये वालाकिया संस्थानाने खासगी मालकांकडील रोमा गुलामांना मुक्त केले. राज्याचे व मठांचे गुलाम त्याआधीच सुटले होते. या गुलामीची सर्वांत जुनी नोंद १३८५ची. तीत टिस्मानाच्या मठाला ४० रोमा कुटुंबे दान दिल्याचा उल्लेख आहे. मुक्तीच्या कायद्याने भरपाईही ठरवली, पण मालकांसाठी: माणशी १० सुवर्णनाणी.

मुक्त झालेल्यांना जमीन मात्र मिळाली नाही. १८६४च्या भूसुधारणेतूनही अनेक कुटुंबे वगळली गेली. गावाच्या कडेला, अर्ध्या जमिनीत खोदलेल्या झोपड्यांत ती राहू लागली. लाकडी चमचे आणि काथवटी कोराव्यात, विटा पाडाव्यात, सुगीत दुसऱ्याच्या रानात राबावे, हाच निर्वाह. (पाण्याला ही माणसे ‘पानी’च म्हणतात, माणसाला ‘मानुश’.)

१९४२मध्ये आन्तोनेस्कूच्या राजवटीने सुमारे २५,००० रोमांना ट्रान्सनिस्ट्रियात हद्दपार केले. उपासमार, थंडी व टायफसने सुमारे ११,००० दगावले.

साम्यवादी काळात सामूहिक शेतांवर मजुरी मिळे. ती शेते मोडली तेव्हा १९९१च्या कायद्याने जमीन प्रामुख्याने पूर्वीच्या मालकांना व त्यांच्या वारसांना परत दिली. बहुतेक रोमांकडे दाखवायला जुना सातबारा नव्हताच.