दैनिक दुवाकथालेखन

संगणकावरील मजकुराचे लहान लहान खंड दुव्यांनी परस्परांशी जोडून, वाचक ज्या दुव्याची निवड करील त्यानुसार जिचे कथानक पुढे सरकेल अशी लघुकथा प्रतिदिनी एक याप्रमाणे सिद्ध करण्याचा, लेखकाने स्वतःस घालून घेतलेला शिरस्ता. दुवाबद्ध लेखनाची संकल्पना थिओडोर नेल्सन यांनी 1965 मध्ये नामाभिधानासह प्रसिद्ध केली; मायकेल जॉइस यांची ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ (1987) ही या प्रकारातील आरंभीची मान्यवर कृती होय. तथापि हा उद्योग सामान्य लेखकाच्या आवाक्यात आला तो ख्रिस क्लिमास यांनी 2009 मध्ये ‘ट्वाइन’ हे मोफत साधन उपलब्ध केल्यावर. त्यात एखादा शब्द दुहेरी चौकोनी कंसांत घातला की दुवा तयार होतो आणि त्याच नावाचा कोरा खंड लेखकाच्या पुढ्यात येऊन उभा राहतो.

एका दिवसाची मुदत कथेच्या रचनेवरच अंमल गाजवते. प्रत्येक वळणावर दोन वाटा ठेवल्या, तर पाच वळणांअंती 32 शेवट व एकूण 63 खंड लिहिणे प्राप्त होते, आणि ते, निदान प्रपंच सांभाळणाऱ्या माणसास, एका बैठकीत साधणारे नव्हे. म्हणून फुटलेल्या वाटा दोन-तीन खंडांनंतर पुन्हा एकत्र आणून, वाचकाच्या निवडीची नोंद तेवढी राखून, उत्तरार्धातील एखादेच वाक्य त्या नोंदीनुसार बदलण्याची युक्ती योजली जाते. 2015 मधील ‘ट्वायनी जॅम’ या ट्वाइन-लेखनाच्या उपक्रमात तर 300 शब्दांचीच मर्यादा होती. ज्याने कथेच्या अर्थामध्ये काहीच फरक पडत नाही, केवळ पान उलटते, असा दुवा मात्र या प्रकारात निकृष्टच समजावा.